नवीन टाकीचा नारळ फोडायच्या आधी योजना चालवायचा हिशोब मांडा

सोलापूर जिल्ह्यातल्या सगळ्या सरपंच, उपसरपंच, ग्रामपंचायतीचे भाऊसाहेब आणि गाव पाणीपुरवठा समितीच्या सदस्यांना खुलं पत्र

राम राम मंडळी,

मी मोहोळ तालुक्यात मोटर रिवाइंडिंगचं दुकान चालवतो. शेतकऱ्यांच्या मोटरी तर येतातच पण ग्रामपंचायतीच्या नळयोजनेच्या मोटरी पण भरायला (तांब्याची गुंडाळी नव्यानं करायला) येतात, मोहोळच्या, माढ्याच्या, पलीकडं मंगळवेढ्याच्या गावांच्या सुद्धा. पत्र लिहायचं कारण एवढंच की त्याच गावांच्या त्याच मोटरी परत परत येतात. मोटर जळाली की गाव आठ-दहा दिवस कोरडं, बायामाणसं घागरी घेऊन कुणाच्या तरी मळ्यात, मग ग्रामपंचायत उधारीवर मोटर भरून नेते आणि सहा महिन्यांनी तीच मोटर परत माझ्या दुकानात. माझा धंदा होतो हे खरं, पण मला हे बघवत नाही म्हणून लिहितोय, आणि नाव कुठल्याच गावाचं घेणार नाही कारण हे कुठल्या एका गावाचं नाहीच.

जळालेली मोटर उघडली की ती कशानं जळाली हे गुंडाळी बघूनच कळतं. स्टार कनेक्शनची मोटर असेल आणि दोन फेजच्या कॉईल काळ्या ठिक्कर पण तिसरी नव्यासारखी, तर समजायचं की डीपीवर (ट्रान्सफॉर्मरवर) फ्यूज उडाला होता किंवा लाईनची एक फेज गेली होती आणि मोटर तशीच दोन फेजवर घरघर करत राहिली. तिन्ही सारख्या करपल्या असतील तर व्होल्टेज कमी होतं किंवा पंप जाम होता आणि ओव्हरलोडनं ट्रिप करायला पाहिजे होतं ते केलं नाही. सबमर्सिबलचे, म्हणजे पाण्यात बुडवलेल्या मोटरीचे, बुश आणि थ्रस्ट बेअरिंग खाऊन गेलेले असतील तर बहुतेक वेळा बोअरमधलं पाणी खाली गेलं तरी मोटर चालूच होती, कारण ही मोटर आजूबाजूच्या पाण्यानंच थंड होत असते, पाणी नाही म्हणजे ती आतल्या आत भाजते. आता यातली प्रत्येक गोष्ट थांबवायची सोय पॅनलमध्ये असते, एक फेज गेली की मोटर बंद करणारा सिंगल फेज प्रिव्हेंटर, जास्त करंट गेला की बंद करणारा ओव्हरलोड रिले, पाणी संपलं की बंद करणारा ड्राय रन रिले, आणि हे सगळं मिळून मोटर भरायच्या खर्चापेक्षा कितीतरी स्वस्त पडतं. मी पॅनल बघायला जातो तेव्हा बहुतेक ठिकाणी प्रिव्हेंटर असतो, पण त्याच्या टर्मिनलवरनं एक वायर टाकून तो बायपास केलेला असतो, आणि ओव्हरलोडचा काटा पार टोकापर्यंत फिरवून ठेवलेला असतो.

हे कोण करतं? पाणी सोडणारा. पण त्याला शिव्या घालायच्या आधी त्याच्या बाजूनं बघा. रात्री चारशेच्या जागी सव्वातीनशे व्होल्टेज येतंय, रिले दर दहा मिनिटांनी ट्रिप होतोय, खाली गल्लीत माणसं बोंबलतायत पाणी का नाही आलं म्हणून, सदस्यांचा फोन येतोय, आणि वायरमन उद्या येणार. तो काटा फिरवतो आणि पाणी चालू होतं, त्या रात्री सगळे खूश. तीन आठवड्यांनी मोटर जळते तेव्हा त्या काट्याची आठवण कुणालाच नसते. त्याला कुणी कधी शिकवलं नाही की रिले ट्रिप होणं म्हणजे मोटर वाचणं, आणि त्यानं मोटर वाचवली म्हणून कुणी कधी शाबासकी पण दिली नाही, त्याला विचारलं जातं ते एकच, पाणी सोडलं का.

माझं म्हणणं या पत्रात हेच आहे आणि बाकी सगळं त्याच्याच भोवती आहे: नळयोजना रोज चालवायला एक शिकवलेला, वेळेवर पगार मिळणारा माणूस आणि त्याच्या हाताशी दुरुस्तीचे पैसे लागतात, आणि आपण टाकी, पाईप, नळ सगळं आणतो पण हे दोन सोडून देतो.

सोलापूरकरांनी तरी हे विसरू नये, कारण हा धडा जगाला आपल्या गावातूनच गेलाय. आज ज्याला आपण हापसा म्हणतो, तो हिरवा-निळा लोखंडी खांब आणि लांब दांडा, त्याचं मूळ सोलापुरात आहे. साठ-सत्तरच्या दशकात बोअर घ्यायला लागले तेव्हा त्यावर बसवलेले बिडाचे हातपंप परदेशी नमुन्याचे होते, एका घराच्या वापराला बनवलेले. आपल्याकडं अख्खं गाव दिवसभर हापसायचं, मग काय, दांडे तुटायचे, खिळी झिजायची, आणि पंप बसवून थोड्याच काळात बंद. ७२ च्या दुष्काळात बोअर तर भराभर घेतले गेले पण सत्तरच्या दशकाच्या मध्याला पाहणी झाली तेव्हा बहुसंख्य हातपंप बंदच निघाले. त्यात जे टिकून होते त्यात जालना पंप आणि त्याच्यावरनं सुधारलेला सोलापूर पंप होता, पोलादी बॉडी, एकाच बिजागरीवर फिरणारा दांडा, सीलबंद बेअरिंग, रॉड सरळ राहावा म्हणून साखळी. त्याच्यावरच काम करून युनिसेफ, भारत सरकार आणि रिचर्डसन अँड क्रुडास कंपनीनं इंडिया मार्क २ काढला, त्याचं पेटंट न घेता डिझाईन सगळ्यांना खुलं ठेवलं, आणि तो पंप देशात लाखोंनी लागला, पुढं आफ्रिकेत पण गेला.

पण नुसत्या मजबूत लोखंडावर ते भागलं नाही हे पण तेव्हाच्या लोकांना कळलं. मार्क २ मध्ये खालचा वायसर बदलायचा तर सगळे पाईप बाहेर काढावे लागतात, त्याला तिकाटणं, पथक, गाडी लागते, म्हणजे वायसर रुपयाचा आणि वाट बघायची तालुक्याची. म्हणून पुढं मार्क ३ काढला, त्यात पाईप मोठा केला जेणेकरून खालचा दट्ट्या पाईप न काढता वर ओढता येतो, गावातल्याच माणसाला थोड्या पान्यांत करता यावं म्हणून. पंप डिझाईन करतानाच विचारलं गेलं की हे बिघडलं तर गावात कोण दुरुस्त करेल. चाळीसेक वर्षांपूर्वी हापशाच्या बाबतीत हा प्रश्न विचारला गेला आणि आज कोटीच्या योजनेचं अंदाजपत्रक होतं त्यात हा प्रश्न कुठं असतो ते मला कुणीतरी दाखवावं.

योजना काय कमी आल्या का आपल्याकडं. २००२ ला स्वजलधारा, २००३ पासून जलस्वराज्य, २००९ ला राष्ट्रीय ग्रामीण पेयजल कार्यक्रम, २०१९ च्या १५ ऑगस्टला जल जीवन मिशन जाहीर झालं, घराघरात नळ आणि माणशी रोज ५५ लिटर पाणी, आणि आता त्याची मुदत २०२८ पर्यंत वाढवली. प्रत्येक योजनेच्या कागदात गाव पाणीपुरवठा समिती आहे, लोकवर्गणी आहे, देखभाल गावानं करायची असं लिहिलेलं आहे. ७३ व्या घटनादुरुस्तीनं ११ वी अनुसूची आली त्यात पिण्याचं पाणी हा विषयच पंचायतीचा केलाय. म्हणजे जबाबदारी कुणाची हा वादच नाही, ती तुमची आहे, कागदावर तीस वर्षांच्या वर आहे. आणि तरी जिल्ह्यात अशी गावं आहेत जिथं एकाच शिवारात तीन टाक्या उभ्या आहेत, एक गळते म्हणून सोडली, दुसरीपर्यंत पाणी चढत नाही, तिसरी नवीन. पहिली टाकी का बंद पडली हे कुणी लिहून ठेवलेलं नसतं, त्यामुळं तिसरी पण त्याच कारणानं बंद पडायची भीती असते.

आता पैशाचं बोलू, कारण सगळे इथं येऊन थांबतात. माणसं पाणीपट्टी भरत नाहीत, मग आम्ही काय करणार, हे मी प्रत्येक गावात ऐकतो. ठीक आहे, एक हिशोब करून बघू. ४०० घरांचं, २००० वस्तीचं गाव धरा. माणशी ५५ लिटर म्हणजे रोज १ लाख १० हजार लिटर. दहा एचपीची मोटर रोज पाच तास चालली तर साधारण ३७ युनिट, महिन्याला अकराशेच्या आसपास. दर तुमच्या बिलावर असेल तो धरा, मी उदाहरणापुरते ९ हजार धरतो. पाणी सोडणाऱ्याचा पगार ९ हजार, तो पण कमीच आहे. टीसीएल (पाण्यात टाकायची ब्लीचिंग पावडर) आणि पाणी तपासणी दीड हजार. गळती, वॉल (व्हॉल्व्ह), फ्यूज, केबल असलं किरकोळ ४ हजार. आणि मोटर-पंप पाच-सात वर्षांनी बदलावाच लागतो, त्यासाठी बाजूला साडेचार हजार. झाले २८ हजार. भागिले ४०० घरं, घराला महिन्याला ७० रुपये, वर्षाला ८४०. तुमच्या गावात आकडे वेगळे येतील, पाणी चढवायची उंची जास्त असेल तर वीज जास्त, वस्ती लहान असेल तर घरटी बोजा जास्त, पण हिशोब हा असाच करायचा.

आणि त्याच गावात आरओचा जार पाच रुपयाला मिळतो, वीस लिटरचा, रोज एक आणला तर महिन्याला १५० रुपये आणि पाणी मिळालं ६०० लिटर. पाच माणसांच्या घराला नळानं महिन्याला आठ हजार लिटरच्या वर पाणी ७० रुपयात मिळू शकतं. म्हणजे माणसं पाण्याला पैसे देत नाहीत हे खोटं आहे. माणसं भरवशाला पैसे देतात. जार रोज मिळतो, नळाचं आज येईल का पाचव्या दिवशी येईल हे कुणी सांगत नाही, आणि भरलेल्या पाणीपट्टीचं काय झालं ते तर अजिबात कुणी सांगत नाही. एक गाव मला माहिती आहे जिथं समितीनं दर महिन्याला जमा किती, खर्च कशावर किती हे साध्या मार्करनं चावडीच्या फळ्यावर लिहायला सुरुवात केली, त्यात कोणत्या गल्लीची किती थकबाकी ते पण, माणसाचं नाव नाही नुसती गल्ली, आणि थोड्या महिन्यात वसुली हलली. वरून कुणी जीआर काढला नव्हता, लोकांना आपला पैसा दिसायला लागला एवढंच झालं. ज्या घराला खरंच परवडत नाही, एकटी म्हातारी असेल, त्या घराला ग्रामसभेत ठराव करून सूट द्या पण ती उघड द्या आणि लिहून द्या, निवडणूक आली म्हणून सगळ्यांची सोडून देऊ नका. पाणीपुरवठ्याचं खातं ग्रामनिधीपासून वेगळं असतं ते खरोखर वेगळं ठेवा, त्यातनं दिवाबत्ती आणि सत्कार भागवू नका.

वित्त आयोगाचे पैसे आहेत की, असं पण म्हणतात. १५ व्या वित्त आयोगात बंधित (ठरलेल्या कामांनाच वापरायचा) निधी होता, त्यातला अर्धा पिण्याचं पाणी आणि पावसाचं पाणी साठवण्यासाठी होता, तो वापरायचाच. पण तो हप्ता कधी येईल ते तुमच्या हातात नाही आणि लाईटबिल दर महिन्याला येतं. बिल थकलं, वर्ष-दोन वर्षं साचलं, मग कनेक्शन कापलं, मग सगळे मिळून निवेदन द्यायला जायचं, मग अर्धं भरून जोडून आणायचं, हे चक्र सोडा, कारण त्या मधल्या दिवसात रिकाम्या पाईपात गटाराचं पाणी शिरतं आणि गाव जुलाबानं पडतं त्याचा हिशोब कुठल्याच बिलात येत नाही. सोलर पंप बसवताय तर चांगलंच आहे, दिवसाचं बिल वाचेल, पण पॅनल पुसणं, कंट्रोलर बघणं, ढगाळ दिवसात काय करायचं हे ठरवणं, त्याला पण माणूस लागतोच.

माणसावर परत येतो. पाणी सोडणाऱ्याचा पगार पहिल्या आठवड्यात करा. मी असे बघितलेत ज्यांना चार-चार महिने पगार नाही, ते दिवसा दुसऱ्याच्या रानात मजुरीला जातात आणि मोटर चालू करून निघून जातात, येईपर्यंत टाकी भरून वाहत असते. गावातले वॉल कुठं कुठं गाडलेत हे त्या एका माणसाच्या डोक्यात असतं, तो भांडून गेला की गावाचा नकाशाच गेला. म्हणून दोघांना तयार करा, आणि कुठला वॉल कुणाच्या दारात आहे, मेन लाईन कुठनं जाते, जॉइंट कुठं आहेत, हे एकदा फिरून कागदावर काढा, मोबाईलवर फोटो काढून ठेवा. जमलं तर त्यातली एक बाई असू द्या. समितीत निम्म्या बाया असल्या पाहिजेत असा नियम आहेच पण त्या सहीपुरत्या असतात. पाण्याची वेळ ठरवताना त्यांना विचारा, दुपारी एकला पाणी सोडलं तर खुरपायला गेलेल्या बाईनं काय करायचं, मग ती शंभर लिटरच्या जागी पाचशे लिटर साठवते आणि उद्या शिळं म्हणून ओतून देते.

आणि एक वही. शंभर पानी साधी वही पंपहाऊसला टांगून ठेवा. तारीख, मोटर किती वाजता चालू, किती वाजता बंद, व्होल्टेज, अँपिअर, विहिरीत किंवा बोअरमध्ये पाणी किती खाली, टीसीएल किती टाकलं. वाचायला साधं वाटतं पण यातनं जे दिसतं ते दुसऱ्या कशानं दिसत नाही. टाकी भरायला जानेवारीत चार तास लागत होते आणि मार्चमध्ये सहा लागतायत म्हणजे काहीतरी झालंय, मेन लाईन फुटली, पंपाचा इंपेलर (आतलं पाणी ढकलणारं चाक) झिजला, की पाणीच खाली गेलं. पाण्याची पातळी तेवढीच असेल तर पंप किंवा लाईन बघायची, पातळी खाली असेल तर मोटर तोडून तोडून चालवायची आणि गावाला आधीच सांगायचं. वही नसेल तर तुम्हाला हे मे महिन्यात मोटर जळाल्यावर कळतं, तोपर्यंत टँकरच्या प्रस्तावाशिवाय हातात काही नसतं.

पाण्याचा उद्भव, म्हणजे योजनेला पाणी जिथनं येतं ती विहीर-बोअर, हा वेगळा आणि मोठा विषय आहे पण सोडून चालणार नाही. आपल्याकडं पाऊस वर्षाला साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास, खाली काळा पाषाण, पाणी फक्त मुरमात आणि खडकाच्या भेगांत साठतं, ते काय अथांग नाही. गावाच्या विहिरीच्या शेजारी कुणी सहाशे-सातशे फूट बोअर पाडून ऊस लावला तर विहीर आटणारच. पिण्याच्या पाण्याच्या सार्वजनिक उद्भवापासून ५०० मीटरच्या आत नवीन विहीर-बोअर घ्यायला बंदी आहे, १९९३ च्या कायद्यात होती आणि त्याच्या जागी आलेल्या २००९ च्या भूजल कायद्यात पण आहे. किती समित्यांनी आपल्या उद्भवाभोवती ५०० मीटर मोजून, त्यातले गट नंबर काढून फळ्यावर लावलेत? भावकीत वाईटपणा येतो म्हणून कुणी बोलत नाही, मला माहितीये, मी पण गावातच राहतो. पण बोअरची गाडी शिवारात आल्यावर भांडण्यापेक्षा आधी सगळ्यांसमोर गट नंबर वाचून दाखवणं सोपं असतं. भूजल सर्वेक्षण यंत्रणेचं ऑफिस सोलापुरात आहे, त्यांच्याकडनं उद्भवाची तपासणी करून घ्या, विहिरीच्या वरच्या अंगाला नाला बंधारा, शोषखड्डे, जुन्या बोअरचं पुनर्भरण हे रोजगार हमीतनं करता येतं.

भीमा-सीना काठच्या गावांना वाटतं आपल्याला काय, नदी आहे. पण नदीत पाणी उजनीतनं सोडल्यावर येतं. उजनी ११७ टीएमसीची म्हणतो आपण पण त्यातलं निम्म्याहून जास्त मृतसाठ्यात, आणि २०२४ च्या उन्हाळ्यात धरण उणे ५० टक्क्यांच्याही खाली गेलं होतं. दोन आवर्तनांच्या मधल्या दिवसांत जॅकवेल (नदीकाठची पाणी उचलायची विहीर) कोरडी पडते, तेव्हासाठी गावातली जुनी विहीर, जुना आड, जुना हापसा जिवंत ठेवायला पाहिजे. नवीन योजना आली म्हणून आडात कचरा टाकणं बंद करा. आणि उलटं पण आहेच, सप्टेंबर २०२५ ला सीनेला पूर आला ते सगळ्यांना आठवत असेल, नदीकाठच्या पंपहाऊसमध्ये पॅनल जमिनीलगत बसवलेलं असेल तर ते वर घ्या, पुराच्या रेषेच्या वर, हे काम एका दिवसाचं आहे. पाण्यात भिजलेली मोटर-स्टार्टर वाळवून तपासल्याशिवाय चालू करू नका, मेगरनं इन्सुलेशन बघा, नाहीतर जी वाचली असती ती पण जाते.

ज्या गावांच्या जल जीवनच्या योजना आत्ता हस्तांतरणाला आल्यात त्यांना हात जोडून सांगतो, घाईत सही करू नका. ठेकेदार म्हणतो झालं साहेब, फोटो काढला, नळातनं पाणी आलं. सगळ्यात लांबच्या आणि सगळ्यात उंचावरच्या घरी पाणी येतंय का ते सलग काही दिवस बघा, वाडीवस्तीवर बघा. चाचणी पूर्ण झाली का बघा. जमिनीखालच्या लाईनचे नकाशे, पंप-मोटरचं वॉरंटी कार्ड, पंपाचा हेड आणि डिस्चार्ज (किती उंच आणि किती पाणी चढवतो), पॅनलचं वायरिंग डायग्राम हे कागद ताब्यात घेतल्याशिवाय ताबा घेऊ नका. मोटर भरायला येते तेव्हा तिचा मूळ डाटा गावाकडं नसतो, नेमप्लेट झिजलेली, मग अंदाजानं भरावी लागते. एअर वॉल, नॉन रिटर्न वॉल, वॉशआऊट खरोखर बसवलेत का ते उघडून बघा, नॉन रिटर्न नसला तर मोटर बंद होताच सगळ्या लाईनचं पाणी उलटं येऊन पंपावर आदळतं आणि पाईपाचे जॉइंट सुटतात. आणि त्याच ग्रामसभेत पुढच्या वर्षाचा चालवायचा खर्च आणि पाणीपट्टी ठरवूनच ठराव करा.

टीसीएलचं थोडक्यात. हजार लिटरला साधारण ५ ग्रॅम, पन्नास हजार लिटरच्या टाकीला पाव किलो, बादलीत कालवून, निवळ टाकायची आणि अर्धा तास थांबून पाणी सोडायचं. उघड्या पोत्यातली, दमट खोलीतली पावडर मेलेली असते, ती टाकली काय न टाकली काय. शेवटच्या नळाला ओटी टेस्ट (पाण्यात क्लोरीन उरलंय का बघायची चाचणी) करून पिवळा रंग येतोय का बघा, टाकीजवळच्या नळाला बघून उपयोग नाही. पाणी तपासायचे फील्ड किट मिळालेत, गावोगावी पाच-पाच बायांना शिकवलंय, ते किट कपाटात मुदत संपून पडू देऊ नका.

आणि नळाला डायरेक्ट मोटर लावून पाणी ओढणारे. हे तुम्हा सगळ्यांना माहिती आहे कोण आहेत, बऱ्याचदा ते तुमच्यातलेच असतात, स्पष्ट बोलतो, राग मानू नका. पहिली मोटर सदस्याच्या घरची काढली तर दुसऱ्या काढायला पोलीस लागत नाहीत.

जिल्हा परिषदेच्या आणि पंचायत समितीच्या साहेबांना पण हे पत्र कुणीतरी वाचून दाखवा. प्रत्येक तालुक्यात पाणी सोडणाऱ्यांचं प्रशिक्षण सभागृहात पीपीटी दाखवून होतं, ते पंपहाऊसमध्ये घ्या, पॅनल उघडून. आणि दोन-चार मोटरी, स्टार्टर, केबल तालुक्याच्या ठिकाणी तयार ठेवा, गावाची मोटर भरायला गेली की तोपर्यंत दुसरी बसेल अशी, गाव भाडं भरेल. दहा दिवसाचा निर्जळी काळ एका दिवसावर येतो यानं.

१५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर, २६ जानेवारी, १ मे, यातली जी ग्रामसभा पुढं येतेय त्यात फक्त एवढं करा: पाणी योजनेचा वर्षाचा खर्च फळ्यावर मांडा, पाणी सोडणाऱ्याला समोर उभं करून त्याचा पगार किती आणि कधीपर्यंतचा मिळाला ते सांगा, आणि पंपहाऊसचं पॅनल उघडून प्रिव्हेंटर बायपास आहे का ते त्याच दिवशी चार माणसांनी जाऊन बघा.

पॅनल कसं वाचायचं, अँपिअर कसे मोजायचे, रिलेची सेटिंग मोटरच्या नेमप्लेटवरनं कशी करायची हे मी पाणी सोडणाऱ्याला फुकट शिकवतो. दुकान रविवार सोडून सकाळी नऊपासून उघडं असतं, दोन-तीन तासाचं काम आहे, फक्त त्याची त्या दिवसाची मजुरी आणि एसटीचं भाडं ग्रामपंचायतीनं द्यावं. येताना पंपहाऊसच्या पॅनलचा आणि मोटरच्या नेमप्लेटचा फोटो मोबाईलमध्ये घेऊन पाठवा.

आपला,
मोहोळ तालुक्यातला एक मोटर रिवाइंडिंगवाला